साहेबांपुरतं उघडं ठेवलेलं दार

मित्रांनो, आमच्या साहेबांना कुणी काही विचारलं की त्यांच्या नाकाला मिरची झोंबते. या एका हट्टापायी लॅबवर आज ही वेळ आली.

मी या रक्ततपासणीच्या लॅबमधली जुनी सर्व्हर मशीन आहे. शाळा पाहिली नाही, पण इथल्या सगळ्या कॉम्प्युटरांची मी थोरली जाऊ. पेशंटांचे रिपोर्ट माझ्याच पोटात. साहेबांच्या वडिलांनी मला आणलं, तेव्हा सगळे कौतुकानं बघायला यायचे. आत आलेला माणूस घरचा, त्याला कोण विचारणार? साहेबांच्या पासवर्डची चिठ्ठीसुद्धा माझ्या कपाळावर!

पुढे शेजारच्या लॅबच्या कॉम्प्युटरांत चोरटे शिरले, रिपोर्ट कुलूपबंद केले आणि उघडायला खंडणी मागितली. मोठ्या हॉस्पिटलनं बजावलं, सुरक्षा सुधारा, नाहीतर आमचे नमुने दुसरीकडे जातील. माझे सुटे भागही मिळेनात. एवढे चिमटे बसले तेव्हा कुठे साहेब क्लाउडला तयार झाले. क्लाउड म्हणजे लांब कुठेतरी ठेवलेल्या परक्या मशिनी. त्यांचा नियम कडक. घरचा असो की बाहेरचा, प्रत्येकाला प्रत्येक वेळी विचारायचं. सवत आली म्हणून मी कुढले, पण नियम पटला.

साहेबांना नाही पटला. क्लाउड बसवायला आलेल्या इंजिनिअर बाईंना म्हणाले, "मला वगळा."

"सर, सगळ्या चाव्या तुमच्याकडे. आधी तुम्हालाच विचारायला हवं."

"म्हणजे मी चोर?"

बाईंनी वगळलं.

मला पॅसेजमध्ये टाकलं, चिठ्ठीसकट. येणारेजाणारे माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवायचे. त्यातल्याच कुणीतरी चिठ्ठी वाचली. क्लाउडवरही साहेबांनी तोच जुना पासवर्ड ठेवला होता! त्यांच्या नावानं चोर शिरला आणि सगळे रिपोर्ट कुलूपबंद झाले.

आज सकाळी काउंटरवरच्या मुलीसमोर एक आजोबा उभे होते.

"उद्या ऑपरेशन आहे गं, पोरी."

"कळतंय हो आजोबा, पण रिपोर्ट उघडतच नाही. पुन्हा रक्त द्यावं लागेल."

"आता कुठे टोचणार? हात काळानिळा झालाय."

जुने रिपोर्ट तरी मिळतील म्हणून साहेबांनी धूळ झटकून मला चालू केलं. आता आठवण झाली! मग मीही पंखा घरघरवत सगळ्यांदेखत सुनावलं:

"अरे, सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या आणि कर्त्यानं चिखलासकट आत यायचं, असं घर कधी स्वच्छ राहतं का? आजपासून दारात पहिला तू थांब. आणि 'कोण?' म्हटलं की मुकाट्यानं नाव सांग."