लाल पट्टीखालून

मिस्त्रीने वासा गच्चीच्या कठड्यावर आडवा टेकवला, करवतीचं पातं पेन्सिलच्या खुणेवर ठेवलं आणि मान वर करून विचारलं,

"इथंच ना?"

"अजून खाली," लंबू म्हणाला. "दोन हात खाली."

मिस्त्रीने पेन्सिल कानामागे खोचली. "नकाशात आहे तेवढाच उभा करायचा असतो, लंबू. नियम आहे तो."

"नियम बांधकामाला. हे नुसतं दाखवायला आहे."

मिस्त्रीने लंबूच्या आईकडे पाहिलं. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. सरकारी रुग्णालयातून निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. हातात लाल पट्टीची गुंडाळी घेऊन ती टाकीच्या सावलीत उभी होती. तिने पट्टीचं टोक शोधलं, थोडं उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. करवत चालू झाली.

जुन्या वस्तीत घरावर काहीही चढवायचं तर आधी ते हवेत उभं करावं लागे. होणाऱ्या खोलीच्या चार कोपऱ्यांवर चार वासे, खोली जेवढी उंच तेवढेच, आणि त्यांच्या माथ्यावरून फिरवलेली वीतभर रुंदीची लाल कापडी पट्टी. हा सांगाडा महिनाभर ठेवायचा. शेजाऱ्यांनी तो पाहायचा, त्याची सावली आपल्या घरात कुठवर येते ते पाहायचं. हरकत असेल तर कळवायचं, नसेल तर तशी सही द्यायची. मग वारसा कार्यालयाचा निरीक्षक येई, गल्लीत उभा राहून वर बघे आणि शेरा लिही. सह्या पूर्ण असल्या की तो जिना चढण्याची तसदी घेत नसे, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. आणि खालून बघणाऱ्याला वासे नऊ फुटांचे आहेत की सहा फुटांचे, हे कळणं शक्य नव्हतं.

इथवर पोचायलाच वर्ष गेलं होतं. खिडकीच्या रंगावरून अर्ज दोनदा परत आला. हिरवा चालेल, पण हा हिरवा नाही, असं कार्यालयाचं म्हणणं. मग पाण्याचा पाइप दर्शनी भिंतीवरून नको. मग कौलं जुन्याच घडणीची हवीत. लंबू प्रत्येक वेळी नवा नकाशा काढून आणे आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज थोडा खाली आलेला असे. घरात दोनच खोल्या. एकीत तो आणि सूनबाई, दुसरीत सिस्टर. सूनबाईचे दिवस भरत आले होते. नदीपलीकडे नव्या इमारती उठत होत्या आणि तिथला एक फ्लॅट लंबूने पाहून ठेवला होता.

"वरची खोली झाली तर प्रश्नच मिटला," तो एकदा जेवताना म्हणाला होता. पुढचं वाक्य त्याने पाण्याबरोबर गिळलं.

पट्टीच्या गाठी सिस्टरनेच मारल्या. ऑपरेशन थिएटरमध्ये शिकलेली गाठ. ओढावी तशी जास्तच बसणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंबू धुणं वाळत घालायला गच्चीवर गेला आणि पट्टी त्याच्या कपाळावर सपकन बसली. त्यानंतर तो रोज तिच्याखालून वाकून जाऊ लागला.

"माझ्या आईसमोर एवढं वाकला असतात तर," सूनबाई म्हणाली, "जावई म्हणून नाव काढलं असतं."

समोरच्या घरात वरच्या मजल्यावर रफूकाकी राहायची. एकटीच. गल्ली इतकी अरुंद की दोघींच्या गप्पा खिडकीतून गच्चीशी चालत. शाली, कोट, साड्या, जळालेल्या इस्त्रीच्या खुणा आणि उंदरांनी केलेली भोकं तिच्याकडे येत. आताशा नदीपलीकडूनही येत. कापडाच्याच आतल्या काठाचा धागा काढून ती भोक विणून टाकी. तसा धागा नसला तर रीळ शोधावं लागे, आणि रंग जुळवायला तिला ऊन लागे. ट्यूबलाइटखाली मरून आणि तपकिरी सख्ख्या बहिणी दिसतात, असं तिचं म्हणणं. तिचं टेबल म्हणून खिडकीला चिकटलेलं होतं. सकाळ बरीच वर आली की सिस्टरच्या गच्चीवरून ऊन तिच्या टेबलावर उतरे आणि दुपार कलेपर्यंत तिथे थांबे. तेवढाच तिचा कामाचा वेळ. काम झालं की गिऱ्हाइकापुढे कापड पसरून ती म्हणे, "शोधून दाखवा."

सांगाडा उभा राहिला त्या दिवशी तिने खिडकीतून हाक मारली होती.

"काय गं सिस्टर, घराला रिबन बांधलीस! उद्घाटन कधी?"

"तुझी सही मिळाली की."

"मिळेल की. आधी नीट बसून बघते तर खरी."

आठवडाभर तिने बघितलं. मग स्वतःच जिना उतरून, गल्ली ओलांडून, सही केलेला कागद घेऊन आली. गुडघे दुखायचे म्हणून ती सहसा खाली उतरत नसे.

"सावली खिडकीच्या चौकटीशी थांबते," चहाचा कप हातात घेत ती म्हणाली. "टेबलावर येत नाही. हरकत कशाला घेऊ?" कप संपवून उठताना पुढे म्हणाली, "बाकी तुमचा लंबू बरा वाकायला शिकलाय हल्ली."

सिस्टर हसली. जरा उशिराच हसली.

निरीक्षक येणार त्याच्या आदल्या दिवशी सिस्टर लंबूचा मरून रंगाचा स्वेटर आणायला समोर गेली. कोपरावर विरलेला होता, रफूला टाकला होता. दार उघडंच होतं. आत ट्यूबलाइट लावलेला होता, बाहेर लख्ख ऊन असताना. टेबल खिडकीशी नव्हतं. ते आतल्या भिंतीला लावलं होतं आणि रफूकाकी त्याच्यावर ओणवी होऊन दोन रिळं डोळ्यांपाशी धरून पाहत होती. ती उठली, रिळं घेऊन खिडकीत गेली, मान हलवली, पुन्हा टेबलाशी येऊन बसली.

"हे इथं कधी आणलंस?" सिस्टरने विचारलं.

"झाले चार-सहा दिवस."

"का गं?"

"सवय नको व्हायला? एकदम अंधार झाला की हात चुकतो."

सिस्टर खिडकीपाशी गेली. टेबलाच्या जुन्या जागी फरशीवर उन्हाचा चौकोन पसरला होता आणि त्यात टेबलाच्या पायांच्या खुणा उमटून राहिल्या होत्या. पट्टीची सावली चौकटीवर होती. तिथेच, जिथे ती असायला हवी होती.

"अंधार कशाने होईल? सावली तर इथंच थांबतेय."

"सिस्टर." रफूकाकीने सुईतून धागा ओढून घेतला. "तुझा लेक त्या खोलीत काय रांगत फिरणार आहे?"

समोरच्या गच्चीवर लंबू वाळलेले कपडे काढायला आला होता. चादर खांद्यावर टाकून तो वळला, पट्टीखाली कमरेतून वाकला आणि जिन्याकडे गेला. सिस्टरने खिडकीचा गज धरला होता. तो तिने सोडला.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच सकाळी. कपाळ चोळत उभा होता बिचारा."

"मग सही का दिलीस?"

रफूकाकीने शेवटचा टाका घातला. गाठ मारली, धागा दाताने तोडला.

"तुझ्या डाव्या हाताच्या घराला काय आहे? कुलूप. त्याच्या पलीकडे? कुलूप. माझ्या लेकीचं सामान टेम्पोत कुणी चढवलं होतं? तू नि मी. येते बिचारी, नाही असं नाही. आल्यापासून घड्याळ बघते." तिने स्वेटरची घडी घातली. "समोर एका घरात दिवा लागतो. तोही घालवू?"

"अगं, पण तुझं काम..."

"होतंय की. घे. आणि शोधून दाखव."

सिस्टरने ट्यूबलाइटखाली बाही उलटसुलट केली. तिला काही सापडलं नाही.

सापडलं ते घरी, उंबऱ्यात. उन्हात आल्याबरोबर कोपरावर तपकिरी ठिपका उठून दिसला, बटणाएवढा. वीण नेहमीचीच होती, बारीक आणि सपाट. रंग चुकला होता. सिस्टर उंबऱ्यात उभी राहून त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिली.

लंबू चादरीच्या घड्या घालत होता. तिने स्वेटर त्याच्या हातात दिला.

"शोध."

"काय?"

"रफू."

"हे काय, इथंच तर आहे." त्याने कोपर पुढे धरलं. "काकीचं काम नाही हे. तिनं कुणाला शिकायला ठेवलंय का?"

"टेबल आत नेलंय तिनं. भिंतीपाशी."

लंबूने स्वेटर खाली ठेवला. मग म्हणाला, "तू सांगितलंस तिला?"

"सांगायला काय उरलंय? रोज सकाळी तुला वाकताना बघते ती."

लंबू उठला, पाणी प्याला, परत येऊन बसला.

"पण सही दिलीय ना तिनं? माहीत असून दिलीय. म्हणजे तिची हरकत नाही. उद्या शेरा मिळेल."

"मिळेल."

"मग?"

सिस्टर स्वेटरची घडी घालत होती. ठिपका वर राहील अशी.

"मिस्त्रीकडे पूर्ण मापाचे वासे असतील," ती म्हणाली.

"आई, महिना पुन्हा पहिल्यापासून धरतात. आणि खरी सावली बघून तिचं मन फिरलं तर? तिनं हरकत घेतली तर खोली गेलीच समज."

"घेईल तर घेईल."

"मी पलीकडच्या त्या माणसाला या आठवड्यात कळवतो म्हणालोय. फ्लॅट फार दिवस राहत नाहीत."

तिचा हात घडीवर थांबला. रुग्णालयात नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगताना तिचा आवाज जसा होई, तसा तो झाला.

"ते तुझं तू ठरव. वासे मी सांगते."

सूनबाई दारात येऊन उभी होती, एक हात पाठीवर टेकवून. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"त्या माणसाला महिनाभर थांबता येईल का, विचारून तर बघा," ती म्हणाली. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक आला तेव्हा मिस्त्री चौथा वासा ठोकत होता आणि लंबू शिडीवर उभा राहून पट्टी बांधत होता. जुन्या गाठी सुटेनात, म्हणून त्याने कात्रीने कापल्या होत्या. निरीक्षक गल्लीत थांबला. काखेत फाइल, गळ्यात चष्मा.

"हे काय? आज शेरा द्यायचा होता ना?"

"आधीचं माप चुकीचं होतं," सिस्टर म्हणाली. "आजपासून महिना धरा."

"सह्या तर पूर्ण आहेत तुमच्या."

"त्या आधीच्या पट्टीवरच्या."

निरीक्षकाने चष्मा लावून वर पाहिलं. दोन पावलं मागे सरून पुन्हा पाहिलं.

"मला इथून काही फरक दिसत नाही."

"समोरच्या घरातून दिसतो," सिस्टर म्हणाली.

त्याने खांदे उडवले, फाइल उघडली आणि भिंतीला टेकवून काहीतरी लिहू लागला. तेवढ्यात वर फरशीवरून लाकूड सरकवल्याचा आवाज आला. थांबला, पुन्हा आला. रफूकाकी टेबल खिडकीशी ओढत होती. एका बाजूने थोडं, मग दुसऱ्या बाजूने थोडं.

ऊन वर आलं होतं. सिस्टरने गच्चीवर जाऊन पाहिलं. पट्टीची सावली आता चौकटीशी थांबली नव्हती. ती चौकट ओलांडून आत गेली होती आणि टेबलाच्या पार पलीकडच्या कडेवर पडली होती. तिच्या अलीकडे जेवढं टेबल होतं, रिळांचा डबा, कात्री, उलगडलेली निळी शाल, ते सगळं अजून उन्हात होतं. भिंत उभी राहिली की ते सगळं सावलीत जाणार होतं. रफूकाकीने कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि सावलीच्या काठाने टेबलाच्या लाकडावर एक रेघ ओढली. मग ती खुर्चीवर बसली आणि त्या रेघेकडे बघत राहिली.

"काकी, तुमची काही हरकत?" निरीक्षकाने खालून विचारलं. "असेल तर आत्ताच सांगा, मला पुन्हा चक्कर नको."

"एवढी घाई कसली?" ती वरून म्हणाली. "महिना आहे ना? नीट बसून बघू दे."

तिने गच्चीकडे पाहिलं नाही. निळी शाल जवळ ओढली आणि सुईत धागा ओवायला घेतला.

मिस्त्री हत्यारं गोळा करून खाली गेला. लंबूने शिडी भिंतीला लावून ठेवली. सूनबाईने ओल्या कपड्यांची बादली जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवली होती. ती उचलून तो दोरीकडे निघाला. नवी पट्टी त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर होती, हात उंचावूनही पोचला नसता इतकी. तिच्याखाली येताच तो कमरेतून वाकला, आणि वाकूनच पलीकडे गेला.