पंखावरचा बिल्ला

बिल्ला म्हटलं की तुम्हाला पुढाऱ्यांच्या छातीवर मिरवणारा बिल्ला आठवेल. मी तो नव्हे. मी कोंबडीच्या पंखाला टोचतात तो, पत्र्याचा, नखाएवढा. माझ्या अंगावर एकच शब्द ठसवलाय, ‘कोशर’. म्हणजे ही कोंबडी ज्यू माणसानं बिनघोर खावी. जन्मभर एवढंच बोलायचं काम मला दिलं, आणि त्याचाच मला संताप आहे.

पत्रा कापणाऱ्या यंत्रातून पडलो तेव्हा मी अगदी चकचकीत होतो. माझ्या भावंडांबरोबर पोत्यात भरून मला मँचेस्टरबाहेरच्या एका कत्तलखान्यात आणलं. तिथं सुरी चालवणारा एक दाढीवाला माणूस होता. कामाला लागण्याआधी तो सुरीच्या धारेवरून हळूच नख फिरवायचा. केसाएवढी खाच लागली तरी ती सुरी बाद आणि तिनं कापलेलं मांसही बाद, कारण मुक्या जिवाला कळ लागता कामा नये. ते बघून मला भरून आलं. वाटलं, नशीब काढलं, चांगल्या लोकांत येऊन पडलो.

मग माझी पाळी आली. मला पंखात टोचलं आणि आतलं हाड हललं. पंख मोडलेला होता. अंगाला जोडलेला असतो तिथं रक्त साकळून काळंनिळं झालं होतं. तपासणारा माणूस होता, पण कोंबड्यांचा सरकता पट्टा थांबत नव्हता आणि त्याची नजर पुढच्या कोंबडीवर गेली होती. त्या मोडक्या हाडावर मी चकाकत बसलो. आणि म्हणत काय होतो? कोशर.

तिथून मी शहरातल्या ‘बरी न्यू रोड’वर झालमन नावाच्या खाटकाच्या दुकानात आलो. दुकान त्याच्या वडिलांनी काढलेलं. गुरुवारी तिथं बायकांची नुसती झुंबड उडते, कारण शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो आणि कोंबडीच्या सुपाशिवाय शब्बाथ कुणाला गोड लागत नाही. या बायका मला बघतात आणि कोंबडी पिशवीत टाकतात. याच बायका घरी कोशिंबिरीचं पान न् पान उजेडात धरून बघतात, धर्मात वर्ज्य असलेला एखादा किडा चुकून पोटात जायला नको म्हणून. पानावरचा किडा दिसतो यांना. माझ्याखालचा मोडका पंख दिसत नाही, कारण मी दिसलो की यांचे डोळे मिटतात.

मला घेतलं फ्रुमेटनं. ती झालमनची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. दुसऱ्या दुकानातून तिनं कधी कोंबडी घेतली नव्हती. झालमनची बायको गेल्यापासून तो दर शुक्रवारी बहिणीच्याच घरी जेवायचा.

धुताना तिचं बोट माझ्याखाली गेलं आणि तिथंच थांबलं.

“हेशी, इकडे या जरा,” तिनं नवऱ्याला हाक मारली. “हा पंख मोडलाय.”

“मोडू दे की,” हेशी म्हणाला. “आपल्याला काय तिला उडवायचंय?”

फ्रुमेट हसली नाही. असं काही आढळलं की खावं की नाही ते रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारायचं, ही तिच्या आईची शिस्त. कोंबडी कागदात गुंडाळून ती रब्बी लिंडरांकडे गेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पंख उलटासुलटा करून बघितला.

“जिवंत असतानाच मोडलाय. मेल्यावर मोडला असता तर असं रक्त साकळलं नसतं. आणि मोडलाय अगदी अंगाजवळ, हाड फुप्फुसात घुसलं असेल. फुप्फुसाला इजा म्हणजे कोशर नाही, खाऊ नकोस. झालमन बदलून देईल.”

म्हणजे माझं ते एकुलतं एक वाक्यसुद्धा खोटं निघालं.

“दोन बोटं पलीकडे मोडला असता तर?” फ्रुमेटनं विचारलं.

“तर खाता आली असती.”

“तेव्हा तिला कमी दुखलं असतं का?”

रब्बींनी चष्मा खाली घेतला. “फ्रुमेट, तू विचारलंस खाऊ का. मी सांगितलं, नको.”

“मुक्या जनावराला छळू नये, हे आपल्याच धर्मात सांगितलंय ना?”

“सांगितलंय. पाप आहे ते. पण त्यामुळे मांस बाद होत नाही.”

माणूस वाईट नव्हता. हे बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता, एवढं मी सांगू शकतो. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. सुरीला खाच पडली तर मांस बाद, आणि हाड मोडलं तर कुठं मोडलं ते मोजायचं?

कोंबडी टाकून देण्याआधी फ्रुमेटनं मला उपटून काढलं आणि पर्समध्ये ठेवलं. मग तिनं तडक दुकानात जाऊन झालमनला सगळं सांगितलं.

“ताई, एवढंच ना? ही घे दुसरी,” झालमन म्हणाला.

“पंख मोडतात कसे रे?”

“कसे म्हणजे? पिंजऱ्यात भरताना. एका हातात मावतील तेवढ्या धरायच्या आणि कोंबायच्या. भरणाऱ्यांना तरी कुठं उसंत असते? कत्तलखान्याची गाडी दारात उभी.”

“आणि हे तुला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत आहे. हळू बोल, गिऱ्हाईक आहे.”

गिऱ्हाइकानं ऐकलंच होतं. शेजारच्या ब्लूमानं हातातल्या कोंबडीचा बिल्ला बोटानं सरकवला. तिच्या मागचीनं सरकवला. पुढच्या गुरुवारी तर रांगेतली प्रत्येक बाई पंख चाचपून बघू लागली, आणि अर्ध्या कोंबड्या काचेमागे तशाच पडून राहिल्या. माझ्या आयुष्यातला तेवढाच एक आनंदाचा दिवस.

“हे दुकान आहे का हाडांचा दवाखाना?” झालमन पुटपुटला. बायका गेल्यावर तो बहिणीसमोर येऊन उभा राहिला. “ताई, बाबांचं दुकान बुडवायचंय का तुला? मग मी काय, तुझ्याकडे भांडी घासायला येऊ?”

“दुकान बुडावं असं मला वाटेल का रे? तू त्या कत्तलखान्याचा एवढा माल घेतोस. सांग त्यांना, जरा हळू भरा म्हणावं.”

“माझं ऐकतात होय ते.”

“एकदा सांगून तर बघ. माझ्यासाठी.”

“बरं. सांगतो.”

फ्रुमेट आठवडाभर त्या शब्दावर जगली. मीही जगलो.

गुरुवारी आम्ही दुकानात गेलो. काचेमागे कोंबड्या छान मांडून ठेवल्या होत्या, पांढऱ्या थाळ्यांत, प्लॅस्टिकमध्ये बंद. माझी भावंडं आता त्या प्लॅस्टिकला टोचली होती.

फ्रुमेट काचेशी वाकली. “झालमन, पंख कुठायत?”

“काढून टाकले. तुमची पंखांचीच तक्रार होती ना? कत्तलखान्यानं लगेच ऐकलं बघ.”

“बरं झालं बाई,” ब्लूमा म्हणाली, “आता बघण्याची कटकटच नको.” आणि तिनं दोन थाळ्या उचलल्या. मागच्या बायकांनीही उचलल्या. काचेमागचा माल बघता बघता संपला. फ्रुमेट रिकाम्या हातानं घरी आली.

शुक्रवारी शब्बाथच्या मेणबत्त्या लागल्या. फ्रुमेटनं मला पर्समधून काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं होतं, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. झालमन आला, बसला, त्यानं सुपात चमचा फिरवला.

“नुसती गाजरं? कोंबडी नाही?”

“नाही.”

“काल सगळा माल गेला, ताई. एकीनंही तक्रार केली नाही.”

“कोंबडीनं तरी कुठं केली होती?” फ्रुमेट म्हणाली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हेशी म्हणाला, “अरे, बस, बस.” पण झालमन कोट घालून निघून गेला. शब्बाथच्या जेवणावरून तो आजवर कधी उठला नव्हता. फ्रुमेट त्याच्या मागे गेली नाही. ती स्वयंपाकघरात आली, माझ्याजवळ उभी राहून तिनं पालथ्या हातानं डोळे पुसले आणि परत वाढायला गेली.

अजून मी त्या खिडकीत आहे. गंजायला लागलोय. लोकांनो, तुमच्या धर्माशी माझं भांडण नाही. त्यानंच तर त्या माणसाला सुरीवरून नख फिरवायला शिकवलं. माझं भांडण आहे ते मला बघून डोळे मिटणाऱ्यांशी. कोंबडी खावी की नाही एवढंच माझ्या तोंडी दिलंय. ती जगली कशी, ते सांगायला माझ्या अंगावर जागाच ठेवलेली नाही. तेव्हा मला बोटानं बाजूला सारा आणि खाली बघा. आणि खाली पंखच नसला तर रांग कितीही मोठी असो, दुकानदार तुमचा सख्खा भाऊ असो, मोठ्यानं विचारा, पंख कुठं गेले?