सगुणाबाईची इर्जिक

सगुणाबाई चिखलात वाकून भाताची रोपं लावत होती, तेवढ्यात उपसरपंच इंद्रजित छत्री घेऊन बांधावर आला. नात्यानं पुतण्या, पण डोळा तिच्या सरपंचकीवर.

"काकू, समदे मेंबर माज्याकडं हायेत. अविश्वास मंजूर झालाय. आता ग्रामसभेत कशाला इज्जत घालवताय? राजीनामा द्या."

"मागल्या खेपेला बी मेंबरच व्हते तुज्याकडं," सगुणाबाई म्हणाली.

मागल्या खेपेला मेंबरच सरपंचाला निवडायचे. आणि मेंबर म्हणजे कोल्हा काकडीला राजी. इंद्रजितनं त्यांना टेम्पोत घालून कापूरहोळच्या ढाब्यावर नेलं, खाऊपिऊ घातलं, आणि बाई घरी बसली. ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. पुढं कायदा बदलला, सरपंच थेट गावानं निवडायचा झाला, तेव्हा गावानं तिलाच निवडलं. आता मेंबरांनी अविश्वास आणला तरी शेवटचा कौल गावाचा.

"गाव येतंय कुठं?" इंद्रजित हसला. "सोमवारी सभा, ऐन लावणीत. मान्सं आपापल्या वावरात. सभेला आमीच."

सगुणाबाईनं पुढचं रोप चिखलात खोवलं. संध्याकाळी मात्र तिनं घरोघर फिरून सोमवारची इर्जिक सांगितली. इर्जिकीत गाव पाळीपाळीनं एकमेकांच्या शेतात राबतं. मजुरी नाही, पोटभर जेवण. आणि तिचं खाचर ग्रामपंचायतीला लागूनच होतं.

सोमवारी सभा घ्यायला तालुक्याचे साहेब आले तेव्हा सारं गाव तिच्या खाचरात होतं. पुकारा होताच माणसं चिखलाच्या पायांनीच उठून मतदानाच्या रांगेत उभी राहिली. चिठ्ठ्या मोजल्या. इंद्रजितच्या बाजूच्या एका मुठीत मावल्या.

तरी बाईचा जीव निवला नव्हता.

आठवड्यानं इंद्रजित तिच्या ओटीवर आला. "काकू, माजी पाळी हाय, पर कुनीच येत न्हाई. रोपं पिवळी पडाया लागली. तुमी एक शबूद टाका."

तिच्या शब्दावर गाव गेलं असतं. तिलाही ते ठाऊक होतं. पण सगुणाबाई सरपंच होती, संत नव्हती.

"गाव कशाला लागतंय तुला?" ती म्हणाली. "मेंबर हायेत की."

दुसऱ्या दिवशी इंद्रजितच्या खाचरात मेंबर इस्त्रीच्या विजारी खोचून वाकडीतिकडी रोपं लावत होते. सगुणाबाई समोरच्या बांधावर मिसरी लावत दुपारपर्यंत बसून राहिली.