गरिबी मोजायला आलेली पाहुणी

शिवणवाल्या काकूंची एक खोड होती. घरात नसेल तर नसेल, पण नाही म्हणून कुणाला दाखवायचं नाही. नवरा गेल्यापासून एक शिलाई मशीन आणि एक लेक, एवढाच त्यांचा संसार. महिनाअखेरीला डब्यांत खडखडाट असायचा, आणि काकू दारात उभ्या राहून शेजारणीला सांगायच्या, आज काही खावंसंच वाटत नाही बाई. आता अशा बाईची गरिबी मोजायची म्हणजे मोजणाऱ्याचंच कर्म कठीण.

ती मोजायची वेळ आली लेकीमुळे. पोरीचा नर्सिंगच्या शिक्षणाला नंबर लागला होता. फी भरायची ऐपत नव्हती. पण गरीब ठरलेल्या घरांतल्या मुलींना शिक्षण फुकट आणि वसतिगृहही फुकट, शिवाय गळक्या घरांना छपराचे नवे पत्रे. त्यासाठी शहरातून एक मोजणीवाली बाई घरोघरी येणार होती. घराची जमीन कसली, छप्पर कसलं, आत वस्तू कोणकोणत्या, हे ती डोळ्यांनी बघणार आणि प्रत्येक गोष्टीला गुण देणार. गुण वाढले की घर सुखवस्तू. ठरलेल्या रेषेच्या खाली राहिलं तर गरीब. आयुष्यात पहिल्यांदाच नापास व्हायचं होतं, आणि तेही काकूंना जमलं नाही.

लेकीने आईला सगळं नीट समजावलं होतं, आईला ते समजलंही होतं. पण त्या गल्लीची एक रीत होती. पाहुणा एका घरी आला तरी तो अख्ख्या गल्लीचा. ज्याच्याकडे जे बरं असेल ते मागच्या दाराने त्या घरात पोचायचं, मागावं लागत नसे. सुईण आजींचे सोनेरी काठाचे कप, गिरणीवाल्याचा टेबलफॅन, आणि शेजारच्या कडू काकांची हातांची लाकडी खुर्ची. पाहुणा गेला की वस्तू आपापल्या घरी. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही.

कडू काका म्हणजे जुने सुतार. हात थरथरायला लागल्यापासून काम सुटलं होतं आणि एकट्याचं घर कसंबसं चाललं होतं. जिभेमुळे नाव पडलं होतं कडू. त्यांनी आजवर कुणाला ‘बरं केलंस’ म्हटलेलं गल्लीने ऐकलं नव्हतं. पण पाहुण्यासाठी खुर्ची पाठवण्यात त्यांची कधी कुचराई नसायची.

झालं असं की मोजणीवाली बाई भर उन्हात, घामाघूम होऊन गल्लीच्या तोंडाशी दिसली. पाहुणी आली अशी कुणीतरी हाळी दिली, आणि ती काकूंच्या उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत खुर्ची, फॅन, कप सगळं हजर. लेक कासावीस झाली. आई, हे परत दे, असं तिने कानाशी लागून सांगितलं. काकू म्हणाल्या, अगं, ती एवढ्या उन्हातून आलीय, तिला काय खाली बसवू? खरं सांगायचं तर भरलेलं घर बघून त्यांनाही आतून बरं वाटत होतं. बाईने फॅनच्या वाऱ्यात, खुर्चीत बसून, सोनेरी काठाच्या कपातून चहा घेतला आणि घर किती छान ठेवलंय म्हणाली. काकूंचा चेहरा फुलला. बाई लिहीत होती आणि काकू खूश होत होत्या. घ्या! याला म्हणतात आपल्याच पायावर धोंडा.

बाई तिथून उठली ती थेट शेजारी कडू काकांकडे. खुर्ची मागच्या दाराने परत न्यायलाही सवड मिळाली नाही. काकांनी तिला एका उपड्या खोक्यावर बसवलं. तिने वर बघितलं तर छपरातून आभाळ दिसत होतं. तेही तिने लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या पटांगणात यादी वाचून दाखवली, प्रत्येकाच्या गुणांसकट. कुणाची काही हरकत असेल तर तिथेच, सगळ्यांसमोर सांगायची होती. कडू काकांना छपराचे नवे पत्रे मंजूर झाले. त्याच संध्याकाळी दोरी घेऊन छप्पर मापायला चढतील अशी घाई काकांच्या चेहऱ्यावर दिसत होती. काकूंचं नाव यादीत नव्हतंच. लेकीने मान खाली घातली.

हरकत काकूंनीच सांगायची होती. आता उठायचं म्हणजे गावासमोर उघडं पडायचं. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं सगळं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. शेजारी बसलेल्या लेकीकडे त्यांनी एकदा बघितलं आणि त्या उठल्या.

“बाई, तुम्ही माझ्या घरात जे बघितलंत ते माझं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरात मशीन आहे आणि भांडी आहेत. रात्रीची भाकरी कधी असते, कधी नसते. आम्ही गरीब आहोत.”

गिरणीवाला लगेच उठला, फॅन आपला असल्याचं सांगितलं आणि बसला. त्याला कसली यादी आणि कसलं काय, त्याचं बरं चाललं होतं. सुईण आजींनाही यादीचं काही पडलं नव्हतं; त्यांनी बसल्या जागेवरून कप आपले असल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या एकाचा कान उडालाय तो कुणी उडवला तेही विचारून घेतलं. थोडं हसू पिकलं. बाईने दोन्ही वस्तू खोडल्या, बेरीज पुन्हा केली आणि मान हलवली. अजून एक गुण जास्त होता. तो खुर्चीचा.

खुर्ची कुणाची, असं तिने विचारलं. ती वाईट बाई नव्हती. तिने समजावून सांगितलं की वस्तू डोळ्यांनी बघितली आहे, तेव्हा ती कुणाच्या तरी नावावर लागायलाच हवी. ज्याची असेल त्याचा गुण वाढेल.

ती कुणाची हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि काका रेषेच्या अगदी काठावर आहेत, एक गुण वाढला की पत्रे गेले, हेही सगळ्यांनी नुकतंच ऐकलं होतं. सगळे जमिनीकडे बघायला लागले. काकूंच्या ओठांवर नाव आलं होतं. पोटच्या पोरीसाठी माणूस काय करणार नाही? एवढ्यात लेकीने त्यांचा पदर ओढला.

“आई, काकांचं नाव घेऊ नकोस,” ती हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का होता.

काकूंना भडभडून आलं. अशी पोर पोटी आली आणि तिलाच आपण घरी बसवणार, या विचाराने त्यांचं काळीज तुटलं. तरीही त्या म्हणाल्या, “राहू द्या बाई. माझीच लिहा.”

“तुमची कशी?” मागून कुणीतरी खेकसलं. कडू काका उठून उभे होते. “लाकूड मी आणलं, रंधा मी मारला. माझी खुर्ची परस्पर स्वतःच्या नावावर लावता, लाज नाही वाटत? बाई, माझ्या नावावर लिहा.”

बाईने पेन खाली ठेवलं. तुमचे पत्रे जातील, असं तिने अगदी सावकाश, दोनदा सांगितलं. छप्पर मी स्वतः बघितलंय आजोबा, असंही म्हणाली.

“पाऊस दर वर्षी येतो,” काका म्हणाले. “पोरीचा नंबर दर वर्षी लागत नाही. लिहा.”

बाईने लिहिलं, आणि काकूंचं नाव यादीत आलं. लिहिताना तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत. काका तोवर तरातरा चालू लागले होते. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी त्यांना गाठून हळहळ व्यक्त केली, तर म्हणाले, बरं झालं, पत्र्याचा आवाज फार असतो, झोप लागत नाही.

त्या रात्री काकूंचं मशीन थांबलं नाही. गिरणीवाल्याने जाड ताडपत्रीचे तुकडे आणून टाकले होते. काकूंनी ते दुहेरी करून जोडले, काठाला दोरीसाठी घरं ठेवली, टाक्यांवर मेण घासलं. सकाळी अख्खी गल्ली ती ताडपत्री उचलून काकांच्या दारात उभी. काका म्हणाले, भीक नको. काकू म्हणाल्या, भीक कसली, उद्या तुमच्या घरी पाहुणा आला तर त्याला काय दाखवणार, आभाळ? काका दारातून बाजूला झाले.

वर चढली लेक. दुपारच्या गाडीने तिला शिकायला निघायचं होतं, तरी तिने दुसऱ्या कुणाला चढू दिलं नाही. खालून काका ओरडत होते, ती गाठ सैल आहे, तो कोपरा ओढ, शिवण बघा कशी वाकडी. शिवण सरळ होती. सगळं बांधून ती खाली उतरली आणि त्यांच्या पाया पडायला वाकली, तसे ते दोन पावलं मागे सरकले.

“पाया पडून काही होत नाही,” काका म्हणाले. “पास हो. नापास झालीस तर माझे पत्रे तुझ्याकडून वसूल करीन.”

पोरगी खळखळून हसली आणि वाकून पाया पडलीच. काकांनी थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.