आपोआप आलेली फुलं

"टोपली उचल रे हाशमभाऊ, आनि चाल जळगावले!" मी ओरडलोच.

धरणगावच्या बाजारात हाशमचं फुलांचं दुकान आणि त्याला लागून माझं सायकल-दुरुस्तीचं. नवरदेवाच्या तोंडावरचा फुलांचा सेहरा ओवावा तर हाशमनंच. पण वर्षभर त्याचे हात सुजून फुटत होते, पापण्या लाल. गावातल्या डॉक्टरनं फुलंच सोडायला सांगितलं. फुलं सोडून हा माणूस करणार काय, डोंबल?

जळगावच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी हात लागतो ते सगळं आणायला सांगितलं होतं. झेंडू, गुलाब, मोगरा, दोरा त्यांनी बाजूला सारलं.

"आणखी काही?"

हाशमनं लाजत रुमाल सोडला. आत बारीक पांढऱ्या फुलांची डहाळी.

"हाई विकाना माल नही शे, बाई. मनी हसीनानी कबरवर आपोआप उनं. अल्लानी धाडेल शे."

हसीनाबी, त्याची बायको. विकायची फुलं माझ्यावर वाया घालवू नका, असं जाताना बजावून गेली होती. यानं ते पाळलं. माती बसते न बसते तोच ही फुलं उगवली. दर शुक्रवारी हा त्यांना कुरवाळत बसायचा.

बाईंनी पान उलटून पाहिलं. "गाजरासारखं पान. हे गाजर गवत. परदेशी गव्हाबरोबर आलं म्हणतात. जमीन उकरली की तिथे हे आधी येतं." मग हळूच म्हणाल्या, "फुलं खुशाल ओवा. याला मात्र हात लावू नका."

धंदा वाचला! मी मांडीवर थाप मारली. हाशमची नजर त्या डहाळीवरच.

परतताना एसटीच्या खिडकीतून बघतो तर बांधावर, रुळांलगत, पडक्या भिंतींत तेच. रोज समोर होतं, दिसलं मात्र आज. कुठल्या मुलखाचं बी, आणि कुणाला न विचारता अख्खा खानदेश व्यापून बसलंय! धडकी भरली, आणि खोटं कशाला बोलू, कौतुकही वाटलं.

कब्रस्तानात मी हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. "तू मांगे व्हय. मी उपटस."

शेवटचं रोप उरलं तेव्हा तो म्हणाला, "एक ते ऱ्हाऊ दे, लोटन."

"येडा व्हयना का? तुना हात जातीन!"

"जाऊ दे."

ज्या हातांवर याचं पोट, ते हा एका तणासाठी सोडायला निघाला होता. आयुष्यात एवढा थक्क मी कधी झालो नाही. डोळे मिटले आणि उपटलं.

हाशम पुढे आला. उघड्या मातीवर सुजलेला तळवा टेकवून बसला. मी भारा उचलला आणि फाटकाबाहेर जाऊन थांबलो.