चूलबंद आवतन

भंडाऱ्यात घर नसलेल्या कुटुंबांसाठी एक संस्था निवारा चालवत असे. छप्पर एक, ओसरी एक, पण ओसरीत चुली चार, ज्याची त्याची. सोमवारी सरपणावरून शकुनबाई आणि धुरपता यांची जुंपली. जळते लाकूड उडाले, ताडपत्रीला भोक पडले. देखरेखीला असलेल्या श्यामरावांनी सगळ्यांना उभे करून सांगितले, "उद्या दुपारी संस्थेचे लोक पाहाले येऊन राहिले. एका चुलीवर सैपाक दिसला तं ठीक. नाई तं हा निवारा बंद. बाया-पोट्टे बायांच्या निवाऱ्यात, गडी गड्यांच्या."

चारांतली एक चूल मंगलाबाईची. तिचा नवरा मंगरू कौले चाळताना पडला होता. तेव्हापासून तिच्या खांद्याशिवाय त्याला संडासापर्यंतही जाता येत नसे. गड्यांच्या निवाऱ्यात त्याला खांदा कोण देणार?

तिने लगेच गोष्ट काढून पाहिली. एकत्र रांधायला कुणाचीच ना नव्हती, फक्त प्रत्येकीची एक अडचण होती. "आमाले तिखट नाई चालत," शकुनबाई म्हणाली. ती रोज भातासोबत मिरचीचा ठेचा खाई. धुरपताला म्हणे लसूण जास्त लागे. शकुनबाई आंधळगावची, धुरपता अड्याळची. गावे सुटली होती, पण कोण कोणाच्या हातचे खात नाही, हे दोघींनी न विसरता सोबत आणले होते.

सकाळी मंगलाबाई शकुनबाईकडे गेली आणि गंभीर तोंडाने म्हणाली, "बाई, धुरपताकडून तुमाले आज चूलबंद आवतन हाये."

साधे आवतन असले की घरटी एकाने जाऊन जेवून यायचे. चूलबंद असले की लहानथोर सगळ्यांनी जायचे आणि आपली चूल पेटवायचीच नाही. त्या दिवशी तुमच्या घरातून धूर निघाला, तर बोलावणाऱ्याच्या तोंडावर राख फेकल्यासारखे.

"काहून? काल तं माह्या झिंज्या धरत होती!"

"म्हणूनच तं. तोंडानं बोलाले लाजते. तुमी इचारू नका तिले."

शकुनबाईने ओठ मुडपले. "रांधते कशी, पाहून तं घेऊ."

मग मंगलाबाई धुरपताकडे वळली. "शकुनबाईचं चूलबंद आवतन हाये तुले."

"तिचं? जहर तं नाई टाकत ना माय?"

"सगळ्यांसमोर कशी टाकन?"

हे धुरपताला पटले. उरली चौथ्या चुलीची उषाबाई. तिला मंगलाबाईने दोघींच्याही नावाने आवतन देऊन टाकले.

"अवो, चाय तरी?" मंगरूने अंथरुणातून विचारले.

"आपल्यालेबी आवतन हाये."

"कोणाचं?"

"ते दुपारी समजन."

चारही चुली थंड राहिल्या. बोलावणाऱ्याला काय रांधले हे विचारणे बरे दिसत नाही, म्हणून कुणी विचारले नाही. समोरचीने बाहेर कुठे तरी मोठा घाट घातला असेल, असे जो तो समजत होता. शकुनबाईच्या नवऱ्याने, बाबूलालने, केसांना तेल लावले. ऊन डोक्यावर आले तशी सगळी मंडळी आपापले ताट-गिलास घेऊन ओसरीत समोरासमोर बसली. बराच वेळ ताटांवर माश्याच तेवढ्या जेवत होत्या.

शेवटी शकुनबाई म्हणाली, "वाढ ना माय आता. पोट्टे भुकेजून राहिले."

"मी वाढू? आवतन तुमचं!"

"माहं? आवतन तं तुहं होतं!"

दोघींनी एकदमच मंगलाबाईकडे पाहिले. तीही ताट घेऊन बसली होती.

"हो, खोटं बोलली मी," ती म्हणाली. "पण शकुनबाई, तुमी धुरपताच्या हातचं खाले आल्या ना? आन तू हिच्या हातचं? ताटं तं दोघींच्याबी हातात हायेत."

ताटे लपवायला जागा नव्हती. बाबूलाल हसला आणि बायकोचे डोळे पाहून खोकला.

"पाहता काय?" शकुनबाई ओरडली. "तांदूळ आण कोणी!"

तांदूळ तिचे निघाले, लाखोरीची डाळ धुरपताची, वांगी उषाबाईची. एकमेकींच्या चुलीकडे जाणे दोघींनाही मान्य नव्हते, म्हणून आधणाचे मोठे पातेले, गंज, मंगलाबाईच्या चुलीवर चढले. डाळ बोटचेपी झाली न झाली तोच श्यामरावांसोबत संस्थेच्या मॅडम आल्या.

"रोज असंच एकत्र करता?"

"पहिल्या दिवसापासून," शकुनबाईने डोळ्याची पापणी न लवू देता सांगितले. श्यामराव ताडपत्रीच्या भोकाकडे पाहत राहिले.

"मग बाकीच्या चुली कशाला?"

"पाणी तापवाले," धुरपता म्हणाली. "जुन्या हायेत, फोडनारच होतो," शकुनबाई त्याच वेळी म्हणाली.

"फोडा ना मग," मॅडम म्हणाल्या.

शकुनबाईने कोपऱ्यातली लोखंडी सब्बल उचलली आणि धुरपताची चूल फोडली. धुरपताने तीच सब्बल घेऊन शकुनबाईची चूल फोडली, जरा जास्तच बारीक. दोघींच्या तोंडावर असे समाधान होते की मॅडमना ती एकी वाटली. "निवारा राहू द्या," त्या श्यामरावांना म्हणाल्या आणि निघाल्या.

त्या फाटकाबाहेर जाताच शकुनबाई वळली. "ह्या खोटारडीले शिक्षा पाहिजे. रोजची चूल हिनंच पेटवावं!"

"आन गंजबी हिनंच घासावं!" धुरपता म्हणाली. निवाऱ्यात आल्यापासून दोघींचे हे पहिले एकमत.

मंगलाबाईने मान खाली घालून शिक्षा कबूल केली आणि मंगरूला खांदा देऊन पंगतीत आणायला आत गेली.