कालामातेचं घर

या सौद्यात मोहितचा फायदा केवढा होता ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी त्याला बिचारा म्हणायला नको. आईचं नागपूरच्या धंतोलीतलं घर विकायचं. शेजारच्या दवाखान्याच्या डॉक्टरांना पेशंटच्या गाड्या लावायला जागा हवीच होती, आणि गरजू माणूस भावात फार घासाघीस करत नाही. आलेल्या पैशातून ग्रीस देशात, समुद्राकाठच्या एका गावात घर घ्यायचं. त्या घराच्या जोरावर तिथं राहायचा परवाना मिळणार होता मोहितला, त्याच्या बायकोला म्हणजे मयुराला, आणि सहा वर्षांच्या पोरीला. शिवाय नियम असा दिलदार की घेणाऱ्याचे आईबाप आणि सासूसासरेही त्याच परवान्यात बसत. उरलेल्या रकमेत आईसाठी बेसा रोडला एक छोटा फ्लॅट. म्हणजे समुद्र, युरोप, पोरीला शाळा आणि वर आईची सोय केल्याचं पुण्य. त्याबदल्यात लावायचं काय, तर आईची एक सही आणि बयान्याचे दहा लाख. बयाना मोहितनं स्वतःच्या खात्यातून भरलाही होता. घर हातचं जाईल म्हणून घाईघाईनं, परत मिळणार नाही या अटीवर.

सही ज्यांची लागणार होती त्या पुष्पलताबाई. वय त्रेसष्ट. वीजमंडळाच्या बिलाच्या खिडकीमागे त्यांनी तीस वर्षं काढली, आणि धंतोलीचं घर त्याच पगाराच्या कर्जावर, स्वतःच्या नावानं बांधलं. नवरा होता तोवर तो पाहुण्यांना 'माझं घर' म्हणायचा, बाई चहा ठेवायच्या. खिडकीवर मात्र त्यांचा दरारा होता. "मुदत वाढवून भेटन का?" "नै." "अर्धं आज भरतो, अर्धं सोमवारी?" "नै." दिवसाला दोनशे वेळा म्हणून म्हणून त्या 'नाही'तला 'ही' झिजून गेला आणि मागे उरलं एक आखूड, चपटं 'नै', शिक्का मारल्यासारखं. संध्याकाळी घरी येताना हा शब्द त्या चपलांसोबत दाराबाहेर काढून ठेवत. घरात 'हाव', म्हणजे हो. नवऱ्याची चंद्रपूरला बदली, हाव. मोहितला पुण्याचं महागडं कॉलेज, हाव. सुनेला स्वयंपाकघराचा ओटा तोडून नवा करायचा, तोही हाव.

ग्रीसलाही त्या, आपणही जाणार असं धरून, मनातल्या मनात हाव म्हणून बसल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, पण विक्कीनं मोबाईलवर पाठवलेले फोटो त्या रोज दुपारी उघडून पाहत. विक्की म्हणजे सीताबर्डीत परदेशी घरांची दलाली करणारा पोरगा, बोलण्यात साखर आणि दोन्ही बाजूंनी कमिशन. घर म्हणजे पूर्वीचं ऑलिव्हच्या तेलाचं गोदाम, आता राहण्यासारखं केलेलं. दगडी भिंती, हिरवी दारं, अंगणात लिंबाचं झाड आणि झाडाखाली एक खुर्ची. एकच. त्या खुर्चीवर बाई रोज दुपारी तासभर बसून येत.

गावाचं नाव कालामाता. त्यावरून भाऊबंदांत वेगळाच घोळ झाला. बाईंचे धाकटे दीर चंपतराव, कळमेश्वरच्या एमआयडीसीजवळ त्यांचं नटबोल्टचं दुकान, ते मुद्दाम बस पकडून आले आणि नारळ देऊन म्हणाले, "वहिनी, देवीनंच बोलावलं तं आपण कोण अडवणारे? जाच तुमी. नवरात्रात लय गर्दी असन नं तिकडं?"

"भाऊजी, तिथं देऊळ नाही. तेल निघते तिथं."

"असन, असन. तेल वाहत असतीन देवीले," चंपतराव म्हणाले आणि ओटीसाठी एकावन्न रुपये ठेवून गेले.

सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मोहितच्या सासूबाईंनी तोंड उघडलं नसतं तर ही गोष्ट घडलीच नसती. शोभाताई बर्डीवर व्हरायटी चौकात भेटल्या. हातात दोन मोठ्या पिशव्या, त्यांतून लोकरीच्या कोटांच्या बाह्या बाहेर लोंबत होत्या.

"बरं झालं भेटल्या पुष्पाताई! तुमच्यासाठीच मिक्सर पाहून राहिली होती मी. छोटावाला."

"मले कायले वं मिक्सर?"

"बेसाले न्यायले नं! एकल्या माणसाले मोठं भांडं काय कामाचं? उगाच धुवायचा ताप."

बाईंना आधी समजलंच नाही. "एकली कोण?"

शोभाताईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मात्र समजलं. "नाही म्हणजे... मयुरा म्हणे, तुम्हाले थंडी सोसत नाही. आणि माणशी फी भरा लागते म्हणे त्या परवान्याची. आमची भरली, कारण पोरगी सांभाळाले कोणी पायजे नं घरात. तुम्हाले सांगतलं नाही का मोहितनं?"

"सांगतलं असन," बाई म्हणाल्या. "माह्याच ध्यानात नाही राहिलं."

ऑटोत बसून त्यांनी हिशेब केला. सवयच ती. घर त्यांचं, पैसा त्यांचा, आणि ज्या परवान्यात दोन्हीकडचे म्हातारे बसतात त्यात विहीण बसली, व्याही बसले, फक्त जिच्या पैशावर सगळे बसणार होते तिची फी वाचवली. बरं, ही फी तरी केवढी? शोभाताईंच्या हातात होते तशा कोटांच्या दहा-बारा जोड्या. वीजबिल थकवलेल्या माणसालाही बाईंनी कधी इतकं स्वस्तात काढलं नव्हतं.

संध्याकाळी मोहित आला तेव्हा त्याच्या बोलण्यात नेहमीची घाई होती. "आई, उद्या चार वाजता व्हिडिओ कॉल आहे. घराच्या मालकीणबाई आणि त्यांचा भाचा. तो वकील आहे, तोच करारनामा लिहिणार आहे. पैसा तुझ्या खात्यातून जाणार ना, म्हणून त्यांना एकदा तुझं तोंड बघायचंय. तू फक्त हसायचं. बोलायचं मी."

"आणि नाव कोणाचं टाकतो करारात?"

"माझंच ना. तू मला पैसे बक्षीस देतेस असा एक कागद करू. फॉर्मॅलिटी आहे गं."

"आणि मी?"

मोहितनं मोबाईलकडे पाहिलं. वाजला नव्हता, तरी पाहिलं. "तुझं नंतर करू. आधी आम्ही सेटल होतो."

बाई ताटं मांडायला उठल्या. घरात हाव म्हणायची सवय इतकी जुनी की ती मोडायलाही एक रात्र लागते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला गेला. मधे बाई, एका बाजूला मोहित, दुसऱ्या बाजूला विक्की, मागे मयुरा. पडद्यावर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी, सत्तरीच्या पुढची, नाव कातेरिना. तिच्या शेजारी चष्मेवाला भाचा. मागे लिंबाचं झाड दिसत होतं. खुर्चीवर म्हातारीच बसली होती.

मोहितनं झकास इंग्रजीत सुरुवात केली. हवा, समुद्र, आमच्या नागपूरचा उन्हाळा. भाचा मावशीला एकेक वाक्य ग्रीकमध्ये सांगत होता आणि मावशीचं त्यात मुळीच लक्ष नव्हतं. तिची नजर बाईंवर होती. मधेच तिनं बोट बाईंकडे केलं आणि काहीतरी लांबलचक विचारलं.

भाचा म्हणाला, "मावशी विचारते, घर या बाई घेणार आहेत का? त्या स्वतः येऊन राहणार का? करारात मी त्यांचं नाव लिहू?"

एवढं इंग्रजी बाईंना चांगलं कळत होतं. मोहित पुढे सरसावला, "ॲक्च्युअली, माझी आई..."

"थांब," बाई म्हणाल्या. आणि पोराकडे पाहत, बिलाच्या खिडकीतून काढावा तसा तो शब्द त्यांनी काढला. "नै! सांग तिले. मी नै घेत, मी नै येत, अन् माह्या पैशानं तुही सासूबी नै येत! नै म्हणजे नै!"

मयुराचा हात तोंडावर. आणि पडद्यावर म्हातारीनं दोन्ही हात वर उडवले, टाळी वाजवली आणि आनंदानं ओरडली, "ने? ने! ने, ने!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भाचा हसून लिहायला लागला.

"एक मिनिट," मोहित इंग्रजीत म्हणाला. "काय लिहिताय? ती नाही म्हणाली."

"नाही कसं?" भाचा गोंधळला. "सहा वेळा हो म्हणाल्या. मी मोजलं. मावशी म्हणते, इतक्या जोरात हो म्हणणारं गिऱ्हाईक तिनं पाहिलं नव्हतं. आधीच्या दोघांना घर फक्त परवान्याच्या कागदासाठी हवं होतं. हिला राहणारी बाई हवी होती."

मोहितनं विक्कीकडे पाहिलं. विक्की डोकं खाजवत होता. "काकू," तो हळूच म्हणाला, "गडबड झाली. तिकडं 'ने' म्हणजे हो असते. तुमचं 'नै' अन् त्यायचं 'ने', ऐकाले सारखंच."

"आं?"

"हाव काकू. मी गेलो होतो तवा हॉटेलात दोन दिवस हेच झालं. वांग्याची भाजी पायजे का, मी म्हणे नै, तो आणून ठेवे. नै म्हणे, अजून वाढे."

मयुरा खुदकन हसली आणि लगेच गंभीर झाली. मोहितला हसू आलं नाही. "आई, सोपं आहे. इंग्रजीत सांग. नो. एवढंच म्हण. नो, माय सन. बस."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. म्हातारी खुर्चीवरून उठली होती आणि रिकामी खुर्ची दोन्ही हातांनी पुढे सरकवून दाखवत होती, ये बस म्हटल्यासारखी. बाईंना जे हवं होतं तेच त्या आत्ता रागाच्या भरात नाकारत होत्या, आणि नाकारता नाकारता ते पदरात पडलं होतं. नो म्हटलं की सगळं जागच्या जागी गेलं असतं. मोहितचं नाव, शोभाताईंचे कोट, बेसाचा फ्लॅट, छोटा मिक्सर.

"म्हण ना आई!"

बाईंनी पदर खांद्यावर नीट केला, मान ताठ केली आणि म्हातारीच्या डोळ्यांत पाहून, या वेळी राग न लावता, अगदी समजून उमजून म्हणाल्या, "नै."

भाच्यानं नाव लिहिलं. स्पेलिंग बाईंनी स्वतः सांगितलं, एकेक अक्षर.

कॉल बंद झाल्यावर जे व्हायचं ते झालं. "हे चालणार नाही," मोहित उभा राहिला. "बयाना मी भरलाय!"

"भरला तं भरला. दोन रस्ते आहेत बापा तुह्यापाशी. माह्या नावानं जमा होऊ दे, नाहीतं बुडव. पैसे तुहे आहेत, तुले पायजे ते कर."

"तू अर्जदार झालीस तर मी त्यात बसतो का? विक्की, सांग."

विक्कीनं नाइलाजानं सांगितलं. "काकू अर्जदार तं मोठा झालेला मुलगा नाही बसत. आईबाप बसतात."

"माह्ये आईबाप तं केव्हाचे गेले."

"मंग काकू, तुमी एकल्याच."

"एकलीच," बाई म्हणाल्या. हाच शब्द व्हरायटी चौकात ऐकला तेव्हा टोचला होता. आता तोंडातून काढताना तो चांगला भरदार लागला.

"तिथं तुझ्याशी बोलेल कोण?" मोहितचा आवाज चढला. "भाषा येत नाही, माणसं नाहीत. दुखलं-खुपलं तर?"

"इथं कोण बोलते माह्याशी? दुखलं तं धंतोलीत दवाखान्यांना तोटा नाही, पण घेऊन जाणारं कोण? मागच्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं तवा ऑटोवाल्यानं सही केली माह्या कागदावर, आठवते?"

मोहितला आठवत होतं, म्हणूनच तो चिडला. "लोक काय म्हणतील? त्रेसष्टाव्या वर्षी..."

"काहून गा, अडतीसाव्या वर्षी तू आईले बेसाले टाकून चालला होता तवा लोक काय म्हणणार होते?"

मयुरानं हळूच विचारलं, "मग आम्ही यायचंच नाही का तुमच्याकडे?"

"ये नं बाई, काहून नाही? पोरीले घेऊन ये सुट्टीत. पाहुण्यासारखं या, आपापला व्हिसा काढून या. एक खुर्ची आहे, दोन अजून घेईन."

पुढचे सहा महिने मोहितनं सगळे उपाय करून पाहिले. चंपतरावांना मध्यस्थीला घातलं. ते आले आणि "देवीनं जिले बोलावलं तिलेच बोलावलं" असं म्हणून मोहितलाच समजावून गेले. मग अबोला धरला. मग एक दिवस आईच्या पासपोर्टच्या झेरॉक्स स्वतःहून काढून आणून टेबलावर ठेवल्या आणि न बोलता निघून गेला. बाईंनी त्या मोजून घेतल्या. दोन कमी होत्या, त्या त्यांनी कोपऱ्यावरून काढून आणल्या.

विमान दिल्लीहून होतं. नागपूरच्या स्टेशनवर शोभाताईही आल्या होत्या, डोळे पुसत, आणि खरंच पुसत होत्या. मोहितनं बॅग वर ठेवली. "पोचलीस की फोन कर," तो म्हणाला, "आणि तिथं कोणी काही विचारलं तर पटकन ने म्हणत जाऊ नकोस."

"आता तेच तं म्हणायचं आहे," बाई म्हणाल्या.

आता कोणी किती भरलं ते सांगतो, म्हणजे विषय मिटला. मोहितनं बयान्याचे दहा लाख भरले, आणि आईकडून एक रुपया परत मागायचं तोंड त्याला उरलं नाही. व्याह्यांनी फी भरली ती तिकडच्या नियमानं परत मिळत नाही. विक्कीनं काही भरलं नाही, दलाल कधी भरत नाही. बाकी सगळं पुष्पलताबाईंनी भरलं. घराची किंमत, तिकडचा कर, वकिलाची फी, तिकीट. आणि धंतोलीचं घर, जे दवाखान्यानं बाई निघण्याआधीच पाडलं आणि पाडायला दोन दिवस लागले; त्या दोन्ही दिवशी त्या घरामागच्या गल्लीतून जाऊन भाजी आणत होत्या, समोरून गेल्या नाहीत. या सौद्यात पुरी रक्कम मोजणारं माणूस एकच निघालं, आणि पावती त्याच्याच नावानं फाटली.